मोटार बदलताना अश्वशक्तीच्या आधी व्होल्टेज पाहा



सोयाबीन घरात आले, हरभरा-गव्हाला पाणी सुरू झाले आणि उसाच्या पाळ्या लागल्या, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक हंगाम सुरू होतो. त्याची नोंद कोणत्याही पीकपाहणीत होत नाही. तो हंगाम म्हणजे मोटारी जळण्याचा! तुळजापूर, कळंब, परंडा, उमरगा, कोणत्याही बाजारपेठेत जा, मोटार भरून देणाऱ्या कारागिराच्या दारात जळक्या मोटारींची रांग दिसते. इकडे शेतात पीक माना टाकत असते. चार माणसे बोलावून, कप्पी लावून बोअरमधून पाइप ओढायचे, मोटार गाडीवर बांधून गावाला न्यायची, दोन-तीन दिवस खोटी व्हायची आणि खिशाला कात्री लागायची ती वेगळीच.

पुष्कळ वेळा जुनी मोटार भरण्यापेक्षा नवी घ्यावी असे ठरते. दुकानात गेल्यावर दुकानदार विचारतो, "किती एचपी?" आपण सांगतो, "पाच." तो पुढे विचारतो, "कोणत्या कंपनीची?" आपण शेजाऱ्याच्या मोटारीचे नाव सांगतो. सौदा होतो. पण "तुमच्या बांधावर व्होल्टेज किती येते?" हा प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मग पाच-सहा आठवड्यांत नवी मोटारही जुनीच्याच वाटेने जाते आणि "कंपनी खराब निघाली" असे म्हणून आपण मोकळे होतो. कंपनी कधी खराब निघतेही, नाही असे नाही. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मोटारी कंपनीमुळे जळालेल्या नव्हत्या. ज्या दाबासाठी त्या बनवल्या तो दाब त्यांना मिळालाच नव्हता.

म्हणून जुनी मोटार मोडीत देण्याआधी तिच्या अंगावरची पाटी, म्हणजे प्लेट, नीट पुसून वाचा. शाळेत जाणाऱ्या मुलाला वहीत उतरवून घ्यायला सांगा. तीवर अश्वशक्ती किंवा किलोवॅट असते (एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट), फेज असते, व्होल्ट असतात, अँपिअर असतात. पंपावर किती उंचीला किती पाणी, तेही लिहिलेले असते. आपण फक्त पहिला आकडा वाचतो. मोटारीचे आयुष्य ठरते ते व्होल्ट आणि अँपिअर या दोन आकड्यांवर. व्होल्टच्या जागी नुसते ४१५ आहे, की ३५० ते ४१५ किंवा ३०० ते ४४० असा पल्ला दिला आहे, हे मुद्दाम पाहा.

आता हे ४१५ काय आहे? उपकेंद्रातून शेताकडे येणारी उच्चदाबाची लाईन ११,००० व्होल्टची असते. डीपीवर तो दाब उतरवला जातो. डीपीवर काहीच भार नसेल तर दोन फेजमध्ये ४३३ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि शेतकऱ्याच्या स्टार्टरला सुमारे ४१५ मिळावेत असा हिशेब असतो. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात तेच सुमारे २४० होतात. पण हा हिशेब कागदावरचा. डीपीजवळच्या पहिल्या खांबावरचा शेतकरी आणि ओढ्यापलीकडचा शेवटच्या खांबावरचा शेतकरी यांना एकाच वेळी एकच दाब मिळत नाही. लाईन आली रे आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. पहिल्याकडे ४०० असतात, तेव्हा शेवटच्याकडे ३३० सुद्धा उतरतात. लांब पाटाच्या शेवटच्या वाफ्यात पाणी कमी पोचते, तसेच हे आहे. त्यातच २०१८ सालापासून उच्चदाब वितरण प्रणालीच्या योजनेतून काही जणांना एक-दोन शेतकऱ्यांपुरती छोटी डीपी मिळाली आहे. त्यांच्याकडचा दाब चांगला असतो. तेव्हा "शेजाऱ्याची हीच मोटार चार वर्षे चालते, मग माझी का जळते?" याचे उत्तर पुष्कळदा मोटारीत नसून दोघांच्या डीपीत असते.

दाब कमी झाला तर मोटार कमी वीज घेईल आणि सावकाश चालेल, असा आपला समज असतो. दिव्याच्या बाबतीत ते खरे आहे. दाब उतरला की जुना पिवळा दिवा मंद होतो, बिघडत काही नाही. मोटारीचे उलट आहे. तिच्यावर पाण्याचा भार तेवढाच असतो. तो उचलण्यासाठी, दाब कमी पडला तर ती जास्त करंट ओढते. पाच अश्वशक्तीची पाणबुडी मोटार ४१५ व्होल्टवर ९ अँपिअर घेत असेल, तर ३३० व्होल्टवर ती ११ च्या वर जाते. करंट सव्वापट झाला म्हणून तारेतली उष्णता सव्वापट होत नाही. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट होते. आणि मोटारीचा जोर? तो दाबाच्या वर्गाने घटतो. ३३० व्होल्टवर सुरू होतानाचा जोर पूर्ण दाबाच्या मानाने ६३ टक्के उरतो आणि ३०० व्होल्टवर जेमतेम निम्मा. मग ती नुसती घुमते, उठत नाही, आणि घुमताना नेहमीच्या कित्येक पट करंट तिच्या तारांतून जात असतो. अशा वेळी स्टार्टरची दांडी दोरीने बांधून ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत! स्टार्टर आपणहून सुटतो तो मोटार वाचवण्यासाठी. त्याचे हात बांधले की मग वाचवणार कोण?

आता मोजायचे कसे ते सांगतो. हे काम वायरमनकडून किंवा जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, ओल्या जमिनीवर उभे राहून स्वतः करू नका. मोटार चालू असताना, म्हणजे भार असताना, स्टार्टरवर दाब मोजायचा. मोटार बंद असताना मोजलेला आकडा फसवा असतो. तीन तारा आहेत, म्हणून तीन जोड्या मोजायच्या: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर असतो, त्याने प्रत्येक तारेतला करंटही पाहून घ्यायचा. जुनी मोटार जळालेली असेल तर त्याच डीपीवरच्या, आपल्याच बाजूच्या एखाद्या शेजाऱ्याच्या चालू मोटारीवर मोजा.

आणि एकदाच मोजून भागणार नाही. जिथे तीन फेजची वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, तिथे दिवसाच्या पाळीत भर गर्दीच्या वेळी एकदा आणि रात्रीच्या पाळीत उत्तररात्री एकदा, असे दोन्ही आकडे हवेत. दिवसा ३३५ दाखवणारी तीच लाईन पहाटे तीनला, बहुतेकांच्या मोटारी बंद असताना, ४३० दाखवू शकते. मोटार निवडायची ती या दोन्ही टोकांकडे पाहून.

तिन्ही जोड्यांतला दाब सारखा नसेल तर तोही रोग समजा. समजा ४००, ३८५ आणि ३७० असे आकडे आले. सरासरी ३८५ आली, म्हणून ठीक आहे असे वाटेल. पण सरासरीपासून १५ व्होल्टचा फरक म्हणजे जवळजवळ चार टक्के असमतोल झाला. दाबातला एवढासा असमतोल करंटमध्ये कित्येक पट होऊन उतरतो आणि एकाच फेजचे वेटोळे भाजून निघते. जळालेली मोटार उघडल्यावर तारांचा एक भाग काळा आणि बाकीचा तसाच दिसला, तर एक फेज गेली होती किंवा असमतोल होता, असे बहुधा समजावे. ही तक्रार डीपीवरची आहे. नवी मोटार आणून ती मिटत नाही.

आता निवड. दोन्ही वेळचा दाब ३८० ते ४३० च्या दरम्यान असेल तर साधी ४१५ व्होल्टची मोटार घ्या, जास्त पैसे घालवू नका. शेतीच्या चांगल्या मोटारी साधारण ३५० पर्यंतची घट सोसतील अशा हिशेबाने बनवलेल्या असतात. पण दिवसा ३५० च्या खाली नेहमीच उतरत असेल, तर ज्या मोटारीच्या पाटीवर दाबाचा रुंद पल्ला छापलेला आहे तीच मागा. "ही लो व्होल्टेजवरही चालते हो" हे दुकानदाराचे तोंडी बोलणे धरू नका. पाटीवर छापलेले आणि बिलावर लिहिलेले तेवढेच खरे.

कारागीर कमी दाबासाठी खास मोटार भरून देतात, त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथे हुशार शेतकरीही फसतो. कमी दाबावर मोटार उठावी म्हणून कारागीर तारेचे वेढे कमी करतो आणि तार जाड घालतो. दिवसाच्या पाळीत मोटार झटक्यात उठते, पाणी भरभरून येते, शेतकरी खूष होतो. मग पाळी बदलते. उत्तररात्री दाब ४३० वर जातो. वेढे कमी असल्यामुळे आतल्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर चुंबकत्वाचा भार मर्यादेबाहेर चढतो, पाण्याचा भार नसतानाही करंट वाढतो आणि मोटार तापते. आपण घरी झोपलेलो असतो. ऑटो स्विचने मोटार सुरू केलेली असते. सकाळी स्टार्टरपाशी जळका वास! कमी दाबाने मोटार जळते हे सर्वांना माहीत आहे, पण कमी दाबासाठी भरलेली मोटार पूर्ण दाबाने जळते हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. तेव्हा भरून घ्यायचीच असेल तर जेवढे वेढे आणि जेवढी जाड तार मूळ कंपनीची होती तेवढीच घालायला सांगा आणि कारागिराकडून त्याची नोंद घ्या. ज्या गावांत नवे उपकेंद्र झाले, नवी डीपी बसली किंवा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पाची वीज लाईनला जोडली गेली, त्या गावांत दाब पूर्वीपेक्षा वाढलेला असू शकतो. तिथे तर जुना आकडा मनात धरून मोटार घेऊच नये, पुन्हा मोजावे.

दुसरा मोह म्हणजे अश्वशक्ती वाढवण्याचा. पाचाची जळते, म्हणून साडेसाताची बसवायची. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल सरकार भरत आहे, त्यामुळे हा मोह आणखी वाढला आहे. पण बिल माफ झाले तरी डीपीची ताकद वाढत नाही. ६३ केव्हीएच्या डीपीतून प्रत्येक फेजला सुमारे ८४ अँपिअर मिळतात. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला ९ अँपिअर धरले तर नऊ मोटारी चालतात. त्याच नऊ शेतकऱ्यांनी एकमेकांचे पाहून साडेसाताच्या बसवल्या, तर मागणी १२० अँपिअरच्या वर जाते. दाब आणखी कोसळतो, सगळ्यांच्याच मोटारी तापतात आणि शेवटी डीपीच जळते. मग नवी डीपी येईपर्यंत नऊही जणांचे पीक आभाळाकडे बघत बसते. शिवाय आपल्या भागातल्या बोअरला पाणी असते किती! बालाघाटच्या काळ्या खडकातल्या कित्येक बोअर तासाभरात उपसून कोरड्या पडतात. तिथे मोठी मोटार बसवली तर ती पाणी संपवून कोरडीच फिरणार. तेव्हा मंजूर भाराइतकीच मोटार बसवा.

तिसरी गोष्ट केबलची. स्टार्टरवर ३७० व्होल्ट मिळाले म्हणजे मोटारीला ३७० मिळाले असे होत नाही. खांबाजवळ स्टार्टर आणि तिथून दूर विहीर, वर बोअरची खोली, असे धरून ३०० मीटर केबल झाली असे समजा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये ९ अँपिअरला एवढ्या अंतरात २५ ते ३० व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणजे मोटारीला मिळाले ३४०! तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट १२ व्होल्टच्या आसपास राहते. ॲल्युमिनियमची केबल असेल तर त्याच जाडीला दीडपटीहून अधिक तूट धरा. जागोजागी तोडून चिकटपट्टीने जोडलेली केबल तर विचारूच नका. माझे मत असे, की दाब काठावर असेल तिथे महागडी मोटार घेण्याआधी जाड केबलचा भाव काढून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते, आणि ती केबल पुढच्या मोटारीलाही चालते.

नवी मोटार बसली, पण स्टार्टर जुनाच राहतो. त्यातल्या ओव्हरलोड रिलेचा काटा जुन्या मोटारीच्या अँपिअरवर लावलेला असतो. तो नव्या पाटीप्रमाणे लावून घ्या. "सारखी ट्रिप होते" म्हणून काटा वर सरकवून ठेवणे म्हणजे राखणदार कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधणे. एक फेज गेली तर मोटार बंद करणारे उपकरण मिळते, ते नसेल तर आता बसवा. कपॅसिटरही बसवावा, पाच अश्वशक्तीला साधारण २ केव्हीएआरचा पुरतो. त्याने तुमच्या मोटारीचा करंट कमी होत नाही, पण लाईनवरून ओढला जाणारा करंट कमी होतो. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तर सगळ्यांचाच दाब थोडा उचलतो. एकट्याने बसवून मात्र चमत्काराची अपेक्षा करू नये.

भगिनींच्या कामाची एक गोष्ट कडबाकुट्टीची. ती वाड्यात असते आणि गावठाणच्या सिंगल फेजवर चालते. तिची मोटार जळाली की घरात पडून असलेली तीन फेजची मोटार कपॅसिटर लावून जोडून देणारे भेटतात. तसे करू नका. अशी मोटार पूर्ण ताकद देत नाही आणि वैरणीचा जाड पेंढा अडकला की तापते. पाटीवर सिंगल फेज आणि २२० ते २४० व्होल्ट असलेलीच मोटार घ्या. घरातल्या दिव्याच्या बारीक वायरवर ती लावू नका; दोन अश्वशक्तीची मोटार १० ते १२ अँपिअर घेते, त्यामुळे मीटरपासून तिला वेगळी जाड वायर आणि अर्थिंग हवे. तिचा कपॅसिटर बदलताना त्यावर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट असे दोन आकडे असतात, ते दोन्ही जुळले पाहिजेत. कमी व्होल्टचा कपॅसिटर स्वस्त मिळतो आणि लवकर फुटतो.

आता ज्यांच्याकडे सौर पंप आहे त्यांच्यासाठी. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून आपल्या जिल्ह्यातही हे पंप बसत आहेत. या पंपाची मोटार बाहेरून नेहमीच्या पाणबुडी मोटारीसारखीच दिसते, म्हणून घोटाळा होतो. काही मोटारी डीसी असतात, काही एसी. एसी असली तरी कंट्रोलर उन्हाप्रमाणे तिचा दाब आणि फिरण्याचा वेग कमी-जास्त करत असतो, आणि ती पुष्कळदा ४१५ पेक्षा वेगळ्या दाबासाठी गुंडाळलेली असते. तेव्हा सौर पंपाची मोटार उपसून रात्री लाईनवर जोडू नये, आणि बाजारातली साधी मोटार सौर कंट्रोलरला जोडू नये. दोन्हीकडे मोटार किंवा कंट्रोलर, एकाचा बळी ठरलेला. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. त्या मुदतीत पंप बंद पडला तर कप्पी लावण्याच्या आधी, मोटार उघडण्याच्या आधी, पुरवठादार कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.